मार्गारेट मॅकमिलनबाई आणि शाळेतील पंगत

इंग्लंडच्या उत्तर भागात ब्रॅडफर्ड नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या गिरण्यांनी या शहरास मोठे वैभव प्राप्त करून दिले; परंतु त्याच गिरण्यांत राबणाऱ्या कुटुंबांची मुले अर्धपोटी असत. १८८० साली त्या देशात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे झाले आणि १८९१ नंतर बहुतेक शाळांची फीही माफ झाली. कायद्याने गरिबाचे मूल शाळेच्या बाकावर आणून बसविले. परंतु त्याच्या पोटात सकाळपासून काही गेले आहे की नाही, हे पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते. ते काम समाजाने अंगावर घ्यावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत मार्गारेट मॅकमिलनबाईंचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहो.

मार्गारेटबाईंचा जन्म १८६० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क संस्थानात झाला. आईबाप मूळचे स्कॉटलंडचे. १८६५ साली साथीच्या तापाने वडील व धाकटी बहीण यांचा बळी घेतला आणि मार्गारेटची श्रवणशक्तीही हिरावून नेली. विधवा आई मुलींस घेऊन स्कॉटलंडातील इन्व्हर्नेस येथे माहेरी परतली. पुढे चौदाव्या वर्षाच्या सुमारास मार्गारेटला पुन्हा ऐकू येऊ लागले. थोरली बहीण रेचेल ही तिची जन्मभराची सोबतीण. मार्गारेटबाईंनी प्रथम श्रीमंत घरांतील मुलांस शिकविण्याची नोकरी केली. परंतु त्यांचे मन कष्टकऱ्यांच्या चळवळीकडे ओढ घेत होते. १८९३ साली दोघी बहिणी ब्रॅडफर्ड येथे राहावयास गेल्या.

दुसऱ्याच वर्षी मार्गारेटबाई तेथील स्कूल बोर्डावर निवडून आल्या. त्या वेळी इंग्लंडातील स्त्रियांस पार्लमेंटसाठी मत देण्याचा अधिकार नव्हता. स्कूल बोर्डाची निवडणूक मात्र त्या लढवू शकत. बाई वर्गावर्गांतून हिंडू लागल्या. मुलांची अंगे मळकट, दात किडलेले, डोळे दुखरे, चेहरे निस्तेज! कित्येक मुले अर्धा दिवस गिरणीत काम करून उरलेला अर्धा दिवस वर्गात पेंगत बसत. बाईंच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने १८९७ साली वॉपिंग रोड येथील शाळेत मुलांसाठी स्नानगृह बांधले गेले. पुढे डॉक्टर जेम्स कर यांच्यासह त्यांनी शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी करविली. त्या देशातील अशा प्रकारच्या अगदी आरंभीच्या तपासण्यांत तिची गणना होते.

मळ पाण्याने जाई, भूक कशाने जाणार? बोर्डास अन्नावर पैसा खर्च करण्याचा कायदेशीर अधिकारच नव्हता. शिवाय, शाळेने जेवू घातले तर आईबाप आळशी होतील, असा आक्षेप पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थ घेत. बाईंचे म्हणणे साधे होते. उपाशी मुलासाठी शिक्षक, पुस्तके व इमारत यांवर केलेला खर्च वाया जातो. ज्या सरकारने मुलास शाळेत येण्याची सक्ती केली, त्याने ते शिकू शकेल अशा स्थितीत आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे.

हा वाद निकालास लागण्यापूर्वीच बाईंवर घाला आला. १९०२ च्या कायद्याने स्कूल बोर्डे मोडीत निघाली व शाळांचा कारभार अशा मंडळ्यांकडे गेला, की जेथे स्त्रियांस निवडून जाता येत नव्हते. बाईंस ब्रॅडफर्ड सोडावे लागले; परंतु त्यांनी रुजविलेला विचार तेथेच राहिला. त्यांचे सहकारी फ्रेड जोवेट हे वयाच्या आठव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेले गृहस्थ. ते १९०६ साली पार्लमेंटात निवडून गेले आणि तेथे भुकेल्या मुलांचा कैवार त्यांनी घेतला. त्याच वर्षी शाळांतून भोजन देण्याची मुभा स्थानिक संस्थांस देणारा कायदा झाला. त्यातील एक कलम आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. त्या काळी सरकारी दानावर जगणाऱ्या मनुष्याचा मताधिकार जात असे. परंतु मुलाच्या जेवणाचे पैसे देणे ज्या बापास शक्य नसेल, त्याचा मताधिकार जाऊ नये, असे या कायद्याने ठरविले. शाळेतील घास म्हणजे भीक नव्हे, हे त्यायोगे मान्य झाले.

१९०७ साली ब्रॅडफर्डच्या वैद्यांनी एक प्रयोग केला. सुमारे ४० गरीब मुलांस सकाळी ओटची लापशी, दूध व काकवी आणि दुपारी पूर्ण जेवण देऊन त्यांची वजने वारंवार घेतली. मुलांची वजने भराभर वाढली. परंतु मध्ये सणाची सुटी येताच ती उतरली. शाळा बंद झाली तरी भूक बंद होत नाही, हे तराजूनेच दाखवून दिले! तथापि सुटीत जेवू घालण्यास कायद्याची परवानगी नव्हती. ती १९१४ च्या कायद्याने मिळाली. त्या कामीही जोवेट यांचेच परिश्रम होते.

इकडे दोघी बहिणींनी लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत मुलांसाठी दवाखाना व पुढे १९१४ साली बागेतील उघड्या हवेची बालशाळा काढली. तेथे लहानग्यांस स्नान, झोप व भोजन ही शिक्षणाचाच भाग म्हणून मिळत. १९१७ साली रेचेलबाई निवर्तल्या. मार्गारेटबाईंनी शोक गिळून त्या शाळेस बहिणीचे नाव दिले व काम पुढे चालविले. १९३० साली तेथे शिक्षिकांसाठी विद्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी बाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. शाळेत भोजन देणे हे १९४४ च्या कायद्याने इंग्लंडात स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. तो दिवस पाहण्यास त्या उरल्या नव्हत्या.

आपल्या देशातही मद्रास प्रांती मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ साली मध्यान्ह भोजनाची योजना सुरू केली; १९९५ पासून मध्यवर्ती सरकारनेही ती हाती घेतली. २००४ साली तर दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुटीतही मुलांस जेवण द्यावे, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने दिला. ब्रॅडफर्डच्या तराजूने जे दाखविले, तेच येथे न्यायासनाने ओळखले.

विद्यार्थिमित्रहो, पंगतीत शेजारी बसणाऱ्याची जात किंवा ऐपत विचारू नये, हे तुम्हांस ठाऊक आहेच. मॅकमिलनबाईंच्या चरित्रावरून आम्ही एवढेच सुचवितो, की शेजारी बसलेला मुलगा धडा विसरला तर त्यास मंद म्हणण्यापूर्वी तो जेवून आला आहे काय, हे हळूच विचारावे. आणि पालकांस विनंती ही, की मे महिन्यात शाळेस कुलूप लागले म्हणजे ज्या घरी चूल रोज पेटत नाही, त्या घराची आठवण आपण ठेवावी.