विश्लेषण : बंदूक, मिलिंग मशीन आणि एली व्हिटनी... श्रेय नेमके किती?

घरच्या वर्कशॉपमध्ये छोट्या सीएनसी मिलिंग मशीनवर बंदुकीचे भाग बनवणाऱ्या हौशी मंडळींवरून अमेरिकेत वाद सुरू आहे. सुट्या भागांच्या किटवर निर्बंध आणणारा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवला. (भारतात परवान्याशिवाय शस्त्र बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हाच आहे.) बंदूक आणि मिलिंग यांची सांगड मात्र दोनशे वर्षे जुनी. इंजिनीअरिंगला असताना या संदर्भात एकच नाव पाठ केलेले असते, एली व्हिटनी. अदलाबदल करता येणारे सुटे भाग आणि मिलिंग मशीन, दोन्ही त्यांच्या खात्यावर. प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नाही.

सुरुवात खिळ्यांपासून

व्हिटनी यांचा जन्म ८ डिसेंबर १७६५ चा, मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरोचा. वडील शेतकरी, पण घरी वर्कशॉप होते. स्वातंत्र्ययुद्धात खिळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हा चौदा वर्षांच्या एलीने तिथेच खिळे बनवून विकायला सुरुवात केली. १७९२ मध्ये येलची पदवी घेऊन ते जॉर्जियात गेले आणि कापसातून सरकी वेगळी करणारे ‘कॉटन जिन’ तयार केले. १७९४ मध्ये पेटंट मिळाले. पण यंत्र इतके सोपे, की कोणीही नक्कल करावी! कोर्टकचेऱ्यांत नफा गेला. कापूस मात्र फायद्याचा ठरला आणि दक्षिणेत गुलामगिरीची मुळे आणखी घट्ट झाली. त्यांच्या कामाचा हा परिणाम सर्वांत जड आहे आणि पाठ्यपुस्तकात तो क्वचितच येतो.

कारखाना नाही, अनुभव नाही, तरी करार

१७९८ मध्ये फ्रान्सशी युद्धाची भीती होती. सरकारला बंदुका हव्या होत्या, व्हिटनींना पैसा. १४ जूनला करार झाला : १०,००० मस्केट, प्रत्येकी १३.४० डॉलर, मुदत सुमारे दोन वर्षे. तोवर त्यांनी एकही बंदूक बनवली नव्हती.

त्या काळी कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून शेजारच्या भागाशी जुळवत असे. एक भाग तुटला, की पुन्हा कारागीर गाठायचा. व्हिटनींचे आश्वासन होते, की यंत्रेच सगळे भाग एकसारखे काढतील. मुदत हुकली. १८०१ च्या जानेवारीत ते वॉशिंग्टनला गेले आणि जॉन अ‍ॅडम्स, थॉमस जेफरसन यांच्यापुढे, हाती येतील ते भाग उचलून बंदुकीचे लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) जोडून दाखवल्याची कथा प्रसिद्ध आहे. खरे तर हीच कल्पना जेफरसन यांनी १७८५ मध्ये पॅरिसला ओनोरे ब्लांक या फ्रेंच कारागिराकडे पाहिली होती. तरी मुदतवाढ मिळाली. शेवटच्या बंदुका पोहोचल्या १८०९ मध्ये!

मग घोडे अडले कुठे?

१९६० मध्ये इतिहासकार रॉबर्ट वुडबरी यांनी या दंतकथेला सुरुंग लावला. व्हिटनींच्या शिल्लक बंदुकांचे भाग एकमेकींना बसत नाहीत. काही भागांवर तर खुणा कोरलेल्या आहेत. भाग खरोखर एकसारखे असते, तर कोणता कोणाचा हे लिहून ठेवायची गरजच नव्हती. म्हणजे वॉशिंग्टनला नेलेले नमुने खास तयार केलेले असावेत, असाच तर्क निघतो.

मिलिंग मशीनचेही तेच. फिरते कटर एका जागी आणि जॉब त्याखालून सरकतो, त्यामुळे पृष्ठभाग कानशीवाल्याच्या हातावर अवलंबून राहत नाही. व्हिटनींच्या नावावर असलेले यंत्र बराच काळ १८१८ चे मानले जाई. पुढे एडविन बॅटिसन यांनी ते तपासून या तारखेबद्दलच शंका घेतली. आज सिमियन नॉर्थ आणि जॉन हॉल यांची नावेही घेतली जातात. हॉल यांनी १८२० च्या दशकात हार्पर्स फेरी येथे भाग खरोखर अदलाबदल होणाऱ्या रायफली बनवल्या.

व्हिटनींच्या वाट्याला उरतो तो न्यू हेवनजवळचा, नदीच्या पाण्यावर चालणारा कारखाना, कामगारांसाठी बांधलेली घरे आणि सरकारला पटवण्याची हातोटी. ८ जानेवारी १८२५ रोजी प्रोस्टेटच्या आजाराने त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात वेदना कमी करणारी उपकरणे त्यांनी स्वतःसाठी तयार केली होती. कारखाना पुढे मुलाकडे गेला आणि १८४७ मध्ये सॅम्युअल कोल्ट यांची रिव्हॉल्व्हर तिथेच बनली.