सोने विरघळते, हरवत नाही

लहानपणी करमाळ्याच्या पेठेत पाहिलेला एक प्रसंग अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. थोरल्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि आजीची पुतळ्यांची माळ मोडून तिला नवा दागिना करायचा होता. सोने शुद्ध करण्यासाठी सराफाने ते गलाईवाल्याकडे दिले. हे गलाईवाले सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे. दुष्काळी भागातली ही माणसे सोने-चांदी गाळण्याची विद्या घेऊन देशभरातल्या पेठांत पोहोचली. आजी माझा हात धरून दुकानामागच्या पडवीत उभी होती. काचेच्या भांड्यात तेजाब पडले, तांबूस धूर उठला आणि बघता बघता पुतळ्या दिसेनाशा झाल्या. उरले ते पिवळे पाणी. आजीचा चेहरा उतरला. गलाईवाला मात्र निवांत होता. त्याने त्यात हिराकशीचे पाणी घातले, तेव्हा तळाशी विटकरी गाळ बसला. तो मुशीत तापवला आणि सोन्याचा गोळा लखलखू लागला. सोने परत आले होते. पुतळ्या मात्र नव्हत्या.

पुढे कॉलेजात गेल्यावर कळले, की त्या पाण्याला अम्लराज म्हणतात. तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक भाग नायट्रिक आम्ल. दोन्ही एकेकटी सोन्यापुढे हात टेकतात. एकत्र आली, की नायट्रिक आम्ल सोन्याचे थोडेसे अणू सुटे करते आणि दुसऱ्या आम्लातले क्लोराइड ते पकडून पाण्यात ठेवते. सुटलेले सोने मागे फिरू शकत नाही, म्हणून आणखी सोने सुटत राहते. याच पुस्तकी धड्याच्या कडेने मला जॉर्ज दे हेवेशी भेटले.

हेवेशींचा जन्म १ ऑगस्ट १८८५ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. घर श्रीमंत, धर्माने कॅथलिक, पण वंशाने ज्यू. हा वंश पुढे त्यांचा पाठलाग करणार होता. शिक्षण संपवून १९११ मध्ये ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. तिथे त्यांच्यावर काम पडले ते शिशामध्ये मिसळलेले रेडियम-डी वेगळे काढण्याचे. अथक खटपट करूनही ते जमेना. जमणार तरी कसे? रेडियम-डी हे मुळात शिसेच होते, फक्त किरणोत्सारी. दुसरा कोणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. हेवेशींनी अपयशच उलटे करून पाहिले. वेगळे होत नाही ना, मग साध्या शिशात ते मिसळून द्यावे आणि किरणांवरून शिसे कुठे कुठे जाते ते पाहावे. मेंढरांच्या कळपात एका मेंढीच्या गळ्यात घंटा बांधली, की अंधारातही कळप कुठे आहे ते समजते, तसेच हे. खाणावळीची मालकीण उरलेसुरले अन्न पुन्हा ताटात वाढते, हा संशयही त्यांनी ताटात किरणोत्सारी कण टाकून खरा ठरवला, अशी गोष्ट सांगतात.

पहिल्या महायुद्धानंतरच्या उलथापालथीत बुडापेस्ट सुटले आणि १९२० मध्ये ते कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे आले. तिथे डिर्क कोस्टर यांच्यासह त्यांनी नवे मूलद्रव्य शोधले. १९२३ मध्ये जाहीर झालेल्या या मूलद्रव्याला, कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून, हाफ्नियम हे नाव मिळाले. १९२६ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला ते प्राध्यापक झाले, पण हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये पुन्हा बाडबिस्तरा बांधून कोपनहेगन गाठावे लागले. तिथे किरणोत्सारी फॉस्फरस उंदरांना देऊन त्यांनी दाखवले, की दगडासारखे घट्ट वाटणारे हाडही स्थिर नसते. त्यातले अणू सतत येत-जात असतात.

बोर यांच्या संस्थेत तेव्हा दोन नोबेल पदके सांभाळायला ठेवलेली होती. एक माक्स फॉन लाऊए यांचे, १९१४ चे. दुसरे जेम्स फ्रांक यांचे, १९२५ चे. फ्रांक ज्यू होते आणि अमेरिकेत निघून गेले होते. लाऊए मात्र जर्मनीतच राहून नाझींना उघड विरोध करीत होते. जर्मनीबाहेर सोने पाठवणे हा तिथे मोठा गुन्हा, आणि पदकावर तर मालकाचे नाव कोरलेले! ९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. पदके पुरावीत, असे हेवेशींनी सुचवले. उकरून काढतील, ही भीती बोर यांना होती. तेव्हा फौजा रस्त्यांवरून चालत असताना हेवेशी पदके अम्लराजात विरघळवत बसले. २३ कॅरट सोन्याची जाड पदके. काम सोपे नव्हते, वेळ खाणारे होते. शेवटी नावे गेली, मुद्रा गेल्या, उरल्या त्या रंगीत पाण्याच्या बाटल्या. जर्मनांनी संस्था पालथी घातली, पण या पाण्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

१९४३ मध्ये डेन्मार्कमधल्या ज्यूंवर संकट आले आणि हेवेशींना स्वीडनला पळावे लागले. त्याच वर्षाचे रसायनशास्त्राचे नोबेल, अणूंचा माग काढण्याच्या पद्धतीसाठी, त्यांना १९४४ मध्ये जाहीर झाले. युद्ध संपल्यावर पाहिले, तर पाणी होते तसेच फळीवर होते. त्यातून सोने वेगळे काढून १९५० मध्ये स्टॉकहोमला पाठवले गेले आणि नोबेल संस्थेने त्याच सोन्याची पदके पुन्हा घडवली. १९५२ मध्ये फ्रांक यांना आपले पदक परत मिळाले. हेवेशी ५ जुलै १९६६ रोजी फ्रायबुर्गला, ज्या गावातून उठावे लागले त्याच गावी, वारले. २००१ मध्ये त्यांचे अवशेष बुडापेस्टला नेण्यात आले.

हा माणूस आयुष्यभर एका देशातून दुसऱ्या देशात विरघळत गेला, पण आपला कस त्याने कुठेच गमावला नाही, असे मला वाटते. ज्या नावाचा एरवी अभिमान, तेच नाव जिवावर उठते अशी वेळ येते. तेव्हा रूप सोडायचे आणि सोने राखायचे, एवढा शहाणपणा त्यांच्यापाशी होता.

आजीला हे सांगायचे राहून गेले. सांगितले असते, तरी तिला एक गोष्ट खटकलीच असती. स्टॉकहोमला पदकांचा साचा होता, तिच्या पुतळ्यांचा साचा कुणापाशीच नव्हता. बहिणीच्या गळ्यातल्या त्या नव्या दागिन्यावरून ती अधूनमधून हात फिरवायची. तेवढाच तिचा माग काढणे.