स्टेफान्सनचे ताट

विल्यालमर स्टेफान्सनला लहानपणापासून मासे आवडत नसत. हाच माणूस १९०६च्या हिवाळ्यात कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ, इन्युइट लोकांच्या घरात राहायला गेला. त्या घरात माशांशिवाय खायला काही नव्हते. पाव नाही, बटाटा नाही, साखर नाही, मीठसुद्धा नाही. ज्या मोहिमेबरोबर तो यायचा होता तिचे जहाज ठरल्या ठिकाणी पोहोचलेच नाही, आणि वय वर्षे २७ असलेला हा मानववंशशास्त्रज्ञ यजमानांच्या भरवशावर राहिला.

घरातल्या बायकांनी पाहुण्यासाठी मासा भाजून दिला. त्याने तो कसाबसा चिवडला. मग उकडलेला मासा त्याला बरा लागला. पुढे गोठलेला कच्चा मासा घशाखाली उतरू लागला, आणि उन्हाळ्यात साठवून आंबवलेल्या माशाची चव तर जुन्या मुरलेल्या चीजसारखी लागू लागली. तीन-चार महिन्यांनी त्याच्या लक्षात आले, की आपली प्रकृती ठणठणीत आहे. ना अशक्तपणा, ना हिरड्यांतून रक्त. मिठाची आठवणही मागे पडली होती.

हा अनुभव त्याच्या पुढच्या आयुष्याचा पाया ठरला. आज ‘लो-कार्ब’ किंवा ‘कीटो’ या नावांनी जो आहार घरोघरी चर्चेत असतो, त्याचा उगम शोधताना स्टेफान्सनचे नाव हमखास येते. बहुतेक वेळा त्याची अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

त्याचा जन्म १८७९चा, कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातला. आईवडील आइसलँडहून आलेले. पुढे कुटुंब अमेरिकेत डकोटाच्या माळावर स्थिरावले. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने त्याला काढून टाकले, आयोवात पदवी मिळाली, हार्वर्डमध्ये धर्मशास्त्र शिकता शिकता तो मानववंशशास्त्राकडे वळला. त्या काळी ध्रुवप्रदेशात जाणारे गोरे प्रवासी आपले सगळे अन्न डब्यांत भरून नेत आणि तरीही स्कर्व्हीने मरत. पिढ्यान्पिढ्या तिथे राहणारे इन्युइट मात्र जगत होते. ते खातात ते आपण खाल्ले तर काय होईल, हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला होता. स्टेफान्सनने तो विचारला आणि उत्तर स्वतःच्या पोटावर शोधले. १९०८ ते १९१२ या दुसऱ्या मोहिमेत तो बराच काळ शिकारीवरच जगला.

आहारशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तो इथे शिकला. उत्तरेकडच्या शिकारी लोकांना जुना अनुभव होता, की नुसते सशाचे मांस खाणारा माणूस पोटभर खाऊनही खंगतो. सशाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. काही दिवसांत जुलाब, डोकेदुखी, सतत अस्वस्थता आणि कितीही खाल्ले तरी न भागणारी भूक, अशी लक्षणे दिसतात. या अवस्थेला सशांची उपासमार असेच म्हणत. हिवाळ्याच्या अखेरीस रोडावलेल्या कॅरिबूचे, म्हणजे तिकडच्या रेनडिअरचे, मांस खाऊनही हेच होते.

शरीर प्रथिनांपासून ऊर्जा मिळवते तेव्हा नायट्रोजन उरतो. यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. यकृताच्या या कामाला मर्यादा आहे. एकूण ऊर्जेच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त भार प्रथिनांवर पडला, की यंत्रणा अपुरी पडू लागते. उरलेली ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून आली पाहिजे किंवा चरबीतून. दोन्ही दारे बंद केली तर भरल्या ताटावर माणूस उपाशी राहतो. इन्युइट लोकांना हे शास्त्र पुस्तकातून कळलेले नव्हते, पण त्यांचे वाटप त्यानुसारच होते. डोळ्यामागची चरबी, मूत्रपिंडाभोवतीची चरबी, हाडांतला मगज, छातीकडचे मांस हे माणसांसाठी. आपण ज्याला उत्तम म्हणू तो पाठीकडचा कोवळा, बिनचरबीचा तुकडा बहुधा कुत्र्यांसमोर पडे.

वजन कमी करायचे म्हणून पोळी-भात सोडायचा आणि तूप-तेलही सोडायचे, नुसत्या अंड्याच्या पांढऱ्यावर आणि सोललेल्या कोंबडीवर राहायचे, असा बेत करणाऱ्यांनी या कुत्र्यांची आठवण ठेवावी.

१९१३मध्ये कॅनडा सरकारच्या मोठ्या मोहिमेचे नेतृत्व स्टेफान्सनकडे आले. ‘कार्लुक’ हे मुख्य जहाज पहिल्याच वर्षी बर्फात अडकले. सप्टेंबरमध्ये तो काही जणांना घेऊन शिकारीसाठी उतरला, वादळ झाले आणि जहाज बर्फासह वाहत गेले. जानेवारी १९१४मध्ये ते बुडाले. कप्तान बार्टलेटने वाचलेल्यांना सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावर नेले. एकूण ११ जण दगावले. त्यांतले दोघे बेटावर अंग सुजून गेले. त्या तुकडीचा आधार होता पेमिकन, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या भुग्यात चरबी मिसळून केलेले टिकाऊ अन्न. हे पेमिकन सदोष होते. त्यात चरबी कमी पडली होती, असे पुढे स्टेफान्सननेच लिहिले. सशांची उपासमार डब्यात भरून आली होती म्हणायची. ते अन्न आधी नीट तपासून का घेतले नाही, हा प्रश्न वाचलेल्यांच्या मनात राहिला आणि तो रास्त होता.

इकडे स्टेफान्सन १९१४च्या मार्चमध्ये दोन साथीदारांसह समुद्रावरच्या बर्फावर निघाला. जवळचा शिधा संपल्यावर सील मारायचे, मांस खायचे आणि चरबी जाळून त्यावरच शिजवायचे. ९६ दिवसांनी ते बँक्स बेटावर पोहोचले, तोवर बाकीच्यांनी त्यांना मेलेले धरले होते. १९१८पर्यंत चाललेल्या या मोहिमेत त्याने कॅनडाच्या नकाशावर नसलेली बेटे शोधली.

१९१७मध्ये त्याच्या तुकडीतल्या काही तरुणांना स्कर्व्ही झाला. ताज्या मांसाचा कंटाळा येऊन त्यांनी जुन्या साठ्यातले डबाबंद अन्न बराच काळ खाल्ले होते. स्टेफान्सनने त्यांना कच्चे आणि अर्धवट शिजवलेले मांस खायला घातले आणि ते झपाट्याने बरे झाले. ‘क’ जीवनसत्त्व हा पदार्थ वेगळा काढून ओळखला जायला अजून दीड दशक बाकी होते. ताज्या मांसात ते थोडे असते, यकृतात आणि व्हेलच्या कातडीत जास्त असते आणि फार शिजवले की नष्ट होते, हे आज माहीत आहे. त्याने ही निरीक्षणे १९१८मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मांडली. बऱ्या झालेल्या तरुणांपैकी एकाचे नाव लॉर्न नाइट. हे नाव पुन्हा येणार आहे.

मोहिमेनंतर स्टेफान्सनचे १९२१चे पुस्तक निघाले. ध्रुवप्रदेश हा मित्रासारखा आहे, शिकार करता आली तर तिथे कोणीही सुखाने राहू शकतो, हा त्याचा आशय. अ‍ॅमुंडसनसारख्या मुरलेल्या ध्रुवप्रवाशाने या म्हणण्यावर सडकून टीका केली. स्टेफान्सनने मागे घेतले नाही. उलट त्याच वर्षी त्याने चार तरुण त्याच रँगल बेटावर पाठवले. बेटावर ब्रिटनचा हक्क सांगायचा, हा हेतू. त्यांत लॉर्न नाइट होता आणि ‘कार्लुक’च्या दुर्घटनेतून वाचलेला फ्रेड मॉररही. कपडे शिवायला एडा ब्लॅकजॅक ही इन्युपियाक तरुणी बरोबर घेतली. तिच्या मुलाला क्षय होता आणि उपचारांसाठी तिला पैसे हवे होते. स्टेफान्सन स्वतः गेला नाही. शिधा सुमारे सहा महिन्यांचा दिला. पुढचे बेटावर मिळेलच, हा हिशेब.

पहिले वर्ष निभावले. १९२२च्या उन्हाळ्यात मदतीचे जहाज बर्फामुळे पोहोचू शकले नाही आणि शिकार आटली. जानेवारी १९२३मध्ये तिघे जण मदत आणायला बर्फावरून सायबेरियाकडे निघाले. त्यांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. मागे नाइट आणि एडा. नाइटला पुन्हा स्कर्व्ही झाला होता. सहा वर्षांपूर्वी ज्या औषधाने तो बरा झाला होता ते औषध, ताजे मांस, पुरेसे मिळत नव्हते. एडा सापळे लावायला आणि बंदूक चालवायला शिकली, त्याची शुश्रूषा करत राहिली. जूनमध्ये तो गेला. ऑगस्टमध्ये जहाज आले तेव्हा बेटावर एडा आणि एक मांजर एवढेच जिवंत होते.

मांसावर माणूस जगतो, हा स्टेफान्सनचा निष्कर्ष या मृत्यूंनी खोटा ठरला नाही. पण तो अनुभव कसबी शिकाऱ्याचा होता, सील कुठे श्वास घ्यायला वर येतो हे कळणाऱ्याचा होता. त्याला जमले म्हणून विशीतल्या पोरांना जमेल, हा भाग त्याने तपासलेलाच नव्हता.

डॉक्टरांचा मात्र पहिल्या भागावरही विश्वास नव्हता. केवळ मांसावर राहिल्यास मूत्रपिंडे बिघडतील, रक्तदाब वाढेल, स्कर्व्ही होईल, असेच त्या काळचे मत. शेवटी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात रसेल सेज संस्थेच्या वतीने प्रयोग ठरला. प्रमुख होते चयापचयाचे नामवंत अभ्यासक डॉ. यूजीन डुबॉय. पैसे अमेरिकेतल्या मांसविक्रेत्यांच्या संघटनेने दिले होते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. त्याचबरोबर मोजमापे चोख होती, हेही. फेब्रुवारी १९२८मध्ये ४८ वर्षांचा स्टेफान्सन आणि मोहिमेतला त्याचा तरुण डॅनिश सहकारी कार्स्टन अँडरसन दाखल झाले. सुरुवातीचे आठवडे चोवीस तास पहारा. पुढे घरी राहून तोच आहार, वर्ष पुरे होईपर्यंत.

डुबॉय यांनी स्टेफान्सनला आधी बिनचरबीचे मांस खायला सांगितले. आपण दोन-तीन आठवड्यांत आजारी पडू, असा त्याचा अंदाज होता. तो दोनच दिवसांत पडला. जुलाब, मळमळ, अस्वस्थता, सगळी ओळखीची लक्षणे. रोडावलेल्या कॅरिबूच्या मांसातही थोडी लपलेली चरबी असते. रुग्णालयाच्या स्वयंपाकघराने तीसुद्धा काढून टाकली होती. मग चरबीदार मांस आणि बेकनच्या चरबीत परतलेला भेजा आला, आणि दोन दिवसांत गडी उठून बसला.

वर्षभराच्या नोंदी बोलक्या आहेत. रोज सुमारे १०० ते १४० ग्रॅम प्रथिने, २०० ते ३०० ग्रॅम चरबी, आणि पिष्टमय पदार्थ जेमतेम १० ग्रॅमच्या आसपास, तेही मांसातच असलेले. म्हणजे ऊर्जेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग चरबीतून आला. लोक याला मांसाहाराचा प्रयोग म्हणतात. खरे तर तो चरबीचा प्रयोग होता. मूत्रपिंडांवर दुष्परिणाम आढळला नाही, रक्तदाब वाढला नाही, स्कर्व्ही झाला नाही, वजन सुरुवातीला थोडे उतरून स्थिरावले.

याच प्रयोगातल्या दोन नोंदी सहसा सांगितल्या जात नाहीत. आहारात कॅल्शियम कमी पडत होते. जेवढे पोटात जाई त्याहून जास्त बाहेर पडत होते. आणि वर्षाअखेरीस दोघांना ग्लुकोज पाजले, तेव्हा रक्तातली साखर नेहमीपेक्षा जास्त चढली. मिश्र आहार सुरू केल्यावर ती पूर्ववत झाली. हा मधुमेह नव्हता. साखर हाताळण्याची सवय शरीराने सोडली होती. ग्लुकोजची तोंडी चाचणी करण्यापूर्वी तीन दिवस नेहमीसारखा भात-पोळी खाऊन या, असे रुग्णाला सांगतात ते याचसाठी. ते न पाळल्यामुळे मधुमेहाचा चुकीचा शिक्का बसू शकतो.

शिवाय दोन माणसे आणि एक वर्ष. चरबीने रक्तवाहिन्यांवर काय होते हे वीस-तीस वर्षांनी कळते, त्याचे उत्तर या प्रयोगात मिळणेच शक्य नव्हते. ध्रुवप्रदेशातल्या लोकांच्या शरीरात स्निग्ध आम्ले हाताळणारी काही जनुके वेगळी आहेत, हे तर अलीकडच्या दशकांत कळले. स्टेफान्सन स्वतः त्या वंशाचा नव्हता, तरी त्याला हा आहार मानवला, ही गोष्ट त्याच्या बाजूने धरली पाहिजे.

१९३५-३६मध्ये त्याने ‘हार्पर्स’ मासिकात हे अनुभव लिहिले आणि १९४६मध्ये आहारावर पुस्तक काढले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला पेमिकन द्यावे म्हणून तो हिरिरीने भांडला. एकट्या आयुष्यात मात्र तो चारचौघांसारखेच जेवू लागला होता. १९४१मध्ये त्याने एव्हलिनशी लग्न केले. १९५२मध्ये पक्षाघाताचा झटका आला, त्यातून तो बराचसा सावरला. वजन वाढले होते, सांधे आखडत होते. १९५५च्या सुमारास त्याने पुन्हा जुना आहार सुरू करायचे ठरवले. एव्हलिनने आधी नाक मुरडले, मग तीही तसेच जेवू लागली. त्याचे वजन उतरले, सांधे मोकळे झाले, स्वभावही निवळला, असे तिने नोंदवून ठेवले आहे. १९५६च्या त्याच्या पुस्तकात हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी अभिप्राय लिहिला. २६ ऑगस्ट १९६२ रोजी, न्यू हॅम्पशायरमधल्या हॅनोव्हर गावी, पक्षाघाताच्या दुसऱ्या झटक्यानंतर तो वारला. वय ८२. या वयाचे श्रेय चरबीला द्यायचे की झटक्यांचा दोष तिला द्यायचा, यावर त्याचे चाहते आणि टीकाकार दोघेही आजवर ठामपणे बोलत आले आहेत. एका माणसाच्या शरीरावरून यांपैकी काहीच सिद्ध होत नाही.