रंगीत उजेडाने आजार पळवणारा मुंबईकर: दिनशाह घडियालींची गोष्ट

दिनशाह घडियाली यांचा जन्म १८७३ मध्ये मुंबईतल्या पारशी घरात झाला. १९११ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी स्पेक्ट्रोक्रोम नावाचं यंत्र आणलं. आत मोठा बल्ब, समोर रंगीत काचा. आजार बघून रंग निवडायचा आणि तो उजेड अंगावर घ्यायचा, एवढाच उपचार.

उजेडाने उपचार ही कल्पना तेव्हा हास्यास्पद नव्हती. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी १९०३ चं नोबेल मिळालं होतं. पण फिन्सेन ठराविक आजारावर ठराविक किरण वापरत. घडियालींचा दावा मात्र जवळपास सगळ्याच आजारांचा. मधुमेहींना तर इन्सुलिन बंद करायला सांगितलं जाई.

१९३१ मध्ये बफेलोतल्या खटल्यातून ते सुटले. पुढे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांना कोर्टात खेचलं. आकडी बरी झाली म्हणून साक्षीला आलेल्या रुग्णाला तिथेच आकडी आली. १९४७ मध्ये घडियाली दोषी ठरले, २०,००० डॉलर दंड झाला. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं.

खरा प्रकाशोपचार आजही चालतो. नवजात बाळाच्या काविळीत निळा उजेड रक्तातल्या बिलिरुबिनचं रूप बदलतो, मग ते शरीराबाहेर पडतं. पण उजेड लागेल की नाही, हे बिलिरुबिन मोजूनच ठरतं. म्हणून वडनेर भोलजीत असा की मुंबईत, बाळ पिवळं दिसलं तर घरी रंगीत बल्ब लावत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.