तुरुंगवासाच्या निकालापासून दवाखान्यापर्यंत

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला : बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी नांदायला जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला आणि शिक्षा भोगण्याची तयारी दाखवली. अवघ्या सहा दिवसांपूर्वी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले होते. अमेरिकेत डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाईंना रुग्णसेवा सुरू करण्याइतकाही अवधी मिळाला नव्हता. शिकू पाहणाऱ्या मुलींसाठी तो काळ निराशेचा होता. तरीही पुढच्या सात वर्षांत रखमाबाई डॉक्टर झाल्या.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. त्या लहान असतानाच वडील गेले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामवंत डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले, पण त्या माहेरीच राहिल्या. शाळा बंद होती. मग मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्या घरी वाचू लागल्या. थोडे वाचायचे, समजून घ्यायचे, मग पुढचे पुस्तक घ्यायचे. वर्षानुवर्षे हेच चालले होते.

१८८४ मध्ये दादाजींनी खटला भरला. पहिला निकाल १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने दिला. पण त्याच वर्षी पाठीराखे सावत्र वडील गेले आणि पुढे अपिलात निकालही फिरला. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. टिळकांसारखे मोठे नेतेही त्यांच्या विरोधात होते. रखमाबाईंनीही टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्रे लिहून बालविवाह आणि मुलींचे थांबणारे शिक्षण यांवर आपली बाजू मांडली.

सकारात्मक मनोवृत्ती म्हणजे सगळे छान होईल असे मनाला सांगत राहणे, असा आपला समज असतो. मानसशास्त्र मात्र वेगळे सांगते. गॅब्रिएल ओटिंगेन या संशोधिकेच्या प्रयोगांत असे दिसले, की केवळ यशाच्या गोड कल्पनेत रमणाऱ्यांचे प्रयत्न अनेकदा कमी पडतात. जणू ध्येय गाठले, असे समजून मन सैलावते. हवे ते डोळ्यांसमोर आणून लगेच वाटेतला अडथळाही नीट पाहणाऱ्यांचे तसे होत नाही. ध्येय आवाक्यातले असेल तर ते अधिक नेटाने कामाला लागतात. या पद्धतीला ‘मेंटल कॉन्ट्रास्टिंग’ म्हणतात. रखमाबाईंना हा शब्द माहीत असणे शक्यच नव्हते. पण निकालाच्या दिवशी त्यांनी केले ते याच्या जवळचे होते. वाईटात वाईट काय होईल, तर सहा महिन्यांचा तुरुंग. ते सोसता येईल का, याचा हिशेब त्यांनी मांडला आणि मग पाऊल उचलले.

तुरुंगात जाण्याची वेळ मात्र आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. २००० रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाईंची वाट मोकळी झाली.

आता साथ मिळाली ती डॉ. एडिथ पीची यांची. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या या प्रमुख स्वतः हाच रस्ता तुडवून आल्या होत्या. एडिनबरा विद्यापीठाने स्त्री म्हणून पदवी नाकारल्यावर त्यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथून एम.डी. मिळवली होती. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला आणि शिक्षणाचा निधी उभा करण्यास हातभार लावला.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये मांडले, की ‘मला हे जमेल’ हा विश्वास उपजत नसतो, तो घडतो. स्वतःच्या हातून पार पडलेली छोटी कामे, आपल्यासारख्याच कुणाचे डोळ्यांसमोरचे यश, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर आणि शरीर-मनाची स्थिती ही त्याची चार उगमस्थाने. रखमाबाईंच्या आयुष्यात यातील तीन स्पष्ट दिसतात : घरात एकटीने वाचलेली पुस्तके, समोर उभ्या असलेल्या डॉ. पीची आणि पाठीशी राहिलेले सखाराम अर्जुन. मनोबल एकट्याच्या जिद्दीवर उभे राहत नाही. त्याला माणसे लागतात.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. परत आल्यावर सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयात आणि नंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्यांनी सुमारे ३५ वर्षे काम केले. पुरुष डॉक्टरांसमोर यायला संकोचणाऱ्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर असणे ही मोठी सोय होती. आनंदीबाईंना जे करायला आयुष्य पुरले नाही, ते रखमाबाईंच्या हातून वर्षानुवर्षे घडले.

कोर्टातला त्यांचा लढाही वाया गेला नाही. त्यावरून पेटलेल्या वादाचा १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यामागे वाटा होता. त्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारा केले. निवृत्तीनंतरही रखमाबाईंनी पडदा पद्धतीविरुद्ध बोलणे थांबवले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपली ध्येये बहुधा इतकी बिकट नसतात. नोकरी सांभाळून परीक्षा द्यायची असते, मधुमेह आटोक्यात आणायचा असतो, चाळिशीनंतर नवे काही शिकायचे असते. तरी कृती तीच. एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात : मला काय हवे, वाटेत नेमके काय आडवे येईल आणि ते आले की मी काय करीन. चौथ्या ओळीत एक नाव लिहावे, आधाराला ज्याच्याकडे जाता येईल त्याचे. त्यानंतर त्याच दिवशी उरकेल असे छोटे काम हाती घ्यावे. रखमाबाईंची सुरुवातही ग्रंथालयातून आणलेल्या एका पुस्तकानेच झाली होती.