हिरवळीवरील पाट्या काढणारा अधीक्षक

सार्वजनिक बागेत पाऊल टाकताच हिरवळीवर चालण्यास मनाई करणारी पाटी दिसली, की बाग आपल्या करातून उभी राहिली असली तरी ती आपल्यासाठी नाही, असे नागरिकाला वाटू लागते. बाग ही केवळ पाहावयाची शोभेची वस्तू आहे, ही समजूत अमेरिकेतील शहरांतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दृढ होती. ती मोडून काढणाऱ्या मोजक्या अधिकाऱ्यांत मिनीआपोलिस शहराचे उद्यान-अधीक्षक थिओडोर वर्थ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. वर्थ पुढारी नव्हते, पगारी लोकसेवक होते. म्हणूनच त्यांचे चरित्र विशेष लक्षणीय ठरते.

वर्थ यांचा जन्म १८६३ साली स्वित्झर्लंडमधील विंटरटूर गावी झाला. उद्यानविद्येचे शिक्षण घेऊन १८८८ साली ते अमेरिकेत आले आणि १८९६ मध्ये हार्टफर्ड शहराच्या उद्यानांचे अधीक्षक झाले. तेथील एलिझाबेथ पार्कमध्ये त्यांनी १९०४ च्या सुमारास उभी केलेली गुलाबवाटिका ही त्या देशातील सार्वजनिक मालकीची पहिली गुलाबवाटिका मानली जाते. या कर्तबगारीमुळे १९०६ च्या आरंभी मिनीआपोलिसने त्यांना पाचारण केले.

या शहरात पूर्वसूरींनी मोठी पुण्याई करून ठेविली होती. १८८३ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला, मतदारांनी त्याला कौल दिला आणि नगरपालिकेहून स्वतंत्र असे उद्यान मंडळ स्थापन झाले. मंडळाचे पहिले अध्यक्ष चार्ल्स लोरिंग आणि आराखडाकार होरेस क्लीव्हलँड यांच्या दूरदृष्टीमुळे तलावांच्या काठची जमीन शहराच्या हाती येत गेली होती. परंतु तिच्यातील बराच भाग दलदलीचा होता. वर्थ यांनी तलावांत यंत्रे लावून गाळ उपसला, त्या भरावाने काठ बांधले आणि त्यांवरून उद्यानमार्ग नेले. १९११ साली लेक ऑफ द आइल्स आणि त्या वेळचे लेक कॅलहून (आजचे ब्दे मका स्का) हे दोन तलाव कालव्याने जोडले गेले, तेव्हा नगरवासीयांनी मोठा उत्सव साजरा केला. उद्यान मंडळाने १९१० मध्ये त्यांच्यासाठी बांधलेल्या घराच्या तळघरातच नकाशे काढण्याचे कार्यालय होते. शहरातील अनेक उद्यानांचे आराखडे तेथेच तयार झाले.

तथापि वर्थ यांचे खरे वैशिष्ट्य तलावांत नव्हे, मैदानांत शोधले पाहिजे. त्यांनी हिरवळीवरील मनाईच्या पाट्या हटविल्या आणि मुलांसाठी झोके, घसरगुंड्या व चेंडूफळीची मैदाने आणली. प्रत्येक मुलाच्या घरापासून पाव मैलाच्या आत खेळाचे मैदान आणि प्रत्येक कुटुंबापासून अर्ध्या मैलाच्या आत क्रीडाकेंद्र असावे, हे ध्येय त्यांनी ठरविले. बागेची किंमत तिच्यातील फुलांवरून नव्हे, तर ती घरापासून किती पावलांवर आहे यावरून ठरते, हा विचार त्यामागे होता. ते आले तेव्हा मंडळाकडे सुमारे १,८१० एकर जमीन होती; १९३५ साली ते निवृत्त झाले तेव्हा ती ५,२४१ एकर झाली होती.

या यशाला एक काळी बाजूही होती. १९११ च्या एल्वेल कायद्यान्वये उद्यानाची जमीन घेण्याचा व ती सुधारण्याचा खर्च परिसरातील मालमत्ताधारकांकडून हप्त्यांनी वसूल करता येऊ लागला. या सोयीमुळे पुष्कळ कामे मार्गी लागली हे खरे. परंतु सुखवस्तू वस्त्यांना हा बोजा पेलणे शक्य होते, कामगारवस्त्यांना ते अवघड होते. ज्या मुलांना मैदानाची निकड अधिक, त्यांच्याच वाट्याला ते उशिरा आले. भरावाखाली गेलेल्या पाणथळ जागांचे मोलही त्या पिढीला उमगले नव्हते. ध्येय सर्वांसाठी आणि पैसा मात्र ऐपतीप्रमाणे, अशी व्यवस्था असली म्हणजे उत्तम अधिकाऱ्याचेही हात बांधले जातात, हा यातील धडा आहे.

१९३८ साली ग्लेनवूड पार्कला वर्थ यांचे नाव देण्यात आले. निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या उद्यानांचा विस्तृत इतिहास लिहिला. १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. हार्टफर्डच्या उद्यानातील घरी जन्मलेले त्यांचे पुत्र कॉनरॅड हे १९५१ ते १९६४ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे संचालक होते.

२०१६ साली मिनीआपोलिसने वस्त्यांमधील उद्यानांसाठी वीस वर्षांची योजना स्वीकारली आणि निधी देताना वस्तीची गरज पाहण्याचे निकष ठरविले. पाव मैलाचे जे माप वर्थ यांनी आखले, त्याला लागणारा पैसा गरजेच्या मापाने वाटण्यास शहराला आणखी ऐंशी वर्षे लागली. पाटी काढणे एका अधीक्षकाला साधले; मैदान सर्वांच्या दारापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मात्र कर भरणाऱ्या आणि मत देणाऱ्या नागरिकांचीच असते.