महर्षी कर्वे यांची झोपडी

मला महर्षी धोंडो केशव कर्वे फार आवडतात. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. १८९६ साली त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. लोक नावे ठेवायचे. म्हणून १९०० साली त्यांनी आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. आपण मुळशीहून पुण्याला जातो तेव्हा कोथरूड लागते, त्याच्याजवळच हिंगणे आहे. तिथे आधी नुसती एक झोपडी बांधली. राहणे आणि शिकणे तिच्यातच. कर्वे कॉलेजात गणित शिकवून रोज तिथे चालत जायचे. मुली वाढल्या, तशा इमारती बांधल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते वारले. झोपडी अजून जपून ठेवली आहे.

माझ्या आजीच्या वाडीत शाळाच नव्हती, म्हणून ती शिकली नाही. शाळा आधी झोपडीत भरली तरी चालेल, पण भरली पाहिजे.